साठ रुपयांच्या दोरावर जीव टांगू नका

परवा रात्री जेवून उठतोय तोवर भाचा दारात. एका हातात निळ्या दोराचं भेंडोळं, दुसऱ्या हातात मोबाइल. "मामा, हे बघ की. पंधरा हजारात झाडछाटणीचा धंदा!" हा मेसेज मला आधी चार जणांनी पाठवला होता आणि चारही वेळा मी तो सोडून दिला होता. पण घरातलाच पोरगा तो वाचून दोर विकत घेऊन आला म्हटल्यावर गप्प बसवेना. अठरा वर्षं मी सोलापुरात झाडं छाटतोय, त्यामुळे मला यात बोलायचा हक्क आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हार्नेस, म्हणजे चढताना अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, ही कंपन्यांची लूट; कमरेला नायलॉनचा दोर दोन वेढे मारून बांधला की झालं. सहा इंची बॅटरी चेनसॉ (साखळीची मशीन-करवत) घ्या, तो एका हाताने चालतो. चढायला खिळ्यांचे बूट आणि हलकी ॲल्युमिनियमची शिडी. फांदी खोडालगत सपाट कापा आणि वर डांबर फासा. खासगी जागेतल्या झाडाला परवानगी लागत नाही.

दोराचं आधी बोलतो, कारण माणूस मरतो तो इथे. हार्डवेअरच्या दुकानात आपण ज्याला नायलॉन म्हणतो तो निळा-हिरवा दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो 160-165 अंशांच्या आसपास वितळतो. वजन लटकलेलं असताना दोरावर दोर जोरात घासला की एवढी उष्णता तिथल्या तिथे तयार होते. शिवाय ऊन त्याला खातं. भाच्याला मी त्याच रात्री बॅटरी घेऊन मागच्या बोअरपाशी नेलं. मोटर सोडलेला दोर केसिंगच्या तोंडाशी चिमटीत धरून पिळायला लावला, तर त्याच्या बोटांना पांढरा भुगा लागला. हातभर खाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे तोच दोर अजून चिवट. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या टपावर पडून राहिलेल्या दोराचं काय होत असेल, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

बरं, दोर चांगला असला तरी तो कमरेला बांधायचा नाही. सुरुवातीच्या काळात मीही तसाच चढायचो. एकदा कडुलिंबावरून पाच-सहा फूट घसरलो आणि कमरेवर लटकलो. दोर सरकत बरगड्यांखाली आला. ओरडायचं होतं, पण श्वास आत जाईना. खालच्या दोघांनी शिडी लावून उचललं म्हणून आज लिहितोय. झाडकामाचा हार्नेस वजन मांड्यांवर आणि कमरेच्या हाडांवर घेतो, पोटावर नाही. त्याच्याबरोबरचा दोर किती ताकदीचा हवा, तर अमेरिकेतल्या झाडकामाच्या सुरक्षा मानकात किमान 24 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 2,450 किलोला तुटणारा. एवढा कशाला? गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते आणि पडणारा माणूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट झटका देतो, म्हणून. वर मशीन चालवायचं असेल तर बांधणी दोन ठिकाणी हवी. ताणलेल्या दोराला चालती साखळी नुसती टेकली तरी तो तुटतो.

एका हातात चेनसॉ हाही तसाच जीवघेणा सल्ला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत. दोन हातांची पकड आणि साखळीचा ब्रेक त्यासाठीच असतात. या छोट्या मशीनींपैकी बऱ्याच जणींना ब्रेक नसतोच, आणि मोकळा राहिलेला दुसरा हात नेमका फांदी धरायला पुढे जातो. खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला ती मशीन सोयीची आहे, तेवढं मान्य. पण वर मनगटाएवढ्या फांदीपर्यंत ओढताना कापणारी वाकडी करवत पुरते.

शिडीबद्दल एकच वाक्य: आपल्याकडे झाडातून विजेच्या तारा जात नाहीत असा रस्ता दाखवा, मग ॲल्युमिनियमबद्दल बोलू.

आता डांबर, सपाट काप आणि खिळे. या तिन्हींचं उत्तर अ‍ॅलेक्स शायगो या एकाच माणसाने दिलंय. अमेरिकेच्या वन खात्यातल्या या शास्त्रज्ञाने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आतली कुज पाहिली आणि 1977 साली मांडलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, ज्याला आम्ही कॉलर म्हणतो, तिथे ही भिंत उभी राहते. सपाट कापलं की तो फुगवटाच जातो. डांबर किंवा ऑइल पेंट कुज थांबवत नाही, उलट ओल आत धरून ठेवतो. खिळ्यांच्या बुटाचं प्रत्येक भोक म्हणजे अशीच एक जखम. पाडायच्या झाडावर ते बूट वापरा, जगवायच्या झाडावर नाही. जड फांदी आधी खोडापासून फूटभर लांब खालून थोडी चिरायची, मग जरा पुढे वरून कापायची आणि शेवटी उरलेला ठोंब फुगवट्याच्या बाहेरून काढायचा. म्हणजे साल फाटत नाही.

डाळिंबवाले म्हणतील, आम्ही छाटणीनंतर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतोच की. लावा. तो बागेतल्या रोगांवरचा उपाय आहे, त्याचा आणि रस्त्याकडेच्या लिंबाला डांबर फासण्याचा संबंध नाही. छाटणीने एकदम उघड्या पडलेल्या सालीला आपल्या उन्हाचा चटका बसतो, म्हणून खोडाला चुना लावला तर तेही मला पटतं.

परवानगीचं म्हणणं सरळ खोटं. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, तो खासगी आवारालाही लागू होतो, आणि झाडाला इजा करणंही त्यात 'तोडणं' धरलंय. आधी महापालिकेत अर्ज द्या, मग करवत उचला.

भाच्याकडे पंधरा हजार आहेत. त्यातून हेल्मेट, हार्नेस आणि चढायचा दोर घ्यायचा, उरतील त्यात एक वाकडी करवत आणि सिकेटर (छाटणीची कात्री), असं आमचं ठरलंय. मशीन पुढच्या वर्षी. तोवर तो खाली उभा राहून माझा दोर सांभाळणार आहे. ते निळं भेंडोळं मी ठेवून घेतलंय, कापलेल्या फांद्यांचे भारे बांधायला.