‘बँक केवायसी मागतच नाही’ या मेसेजला सविस्तर उत्तर

दोन-तीन वर्षं एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. मजकूर साधारण असा: ‘सावधान! बँक कधीही केवायसी मागत नाही. असा निरोप आला तर तो चोरांचा समजून डिलीट करा. खातं उघडताना दिलेले कागद आयुष्यभर चालतात. आधार मागण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाने बँकांकडून काढून घेतला आहे. केवायसी नाही म्हणून कोणतीही बँक खातं अडवू शकत नाही. कागद देऊ नका. सर्वांना पाठवा.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. केवायसीच्या, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता तपासण्याच्या, नावाने लोकांचे आयुष्यभराचे पैसे गेलेत, ती भीती खरी आहे. पण मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच काउंटरवर, आणि आजही ओळखीपाळखीच्या लोकांचे फॉर्म भरून देते. या मेसेजवर विसंबून राहिलेल्या माणसांचं पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. त्यातलं एक माणूस माझ्या घरचंच.

माझी आत्या तालुक्याच्या गावी राहते. वय 78. फॅमिली पेन्शन एकाच खात्यात येते, दुसरं खातं नाही. 2024 मध्ये ‘केवायसी करा’ सांगणारी बँकेची दोन पत्रं आली, ती तिने उघडून वाचली आणि देवघराच्या खणात ठेवून दिली. दिवाळीच्या आधी औषधांसाठी पैसे काढायला गेली, तर एटीएममधून पैसे निघेनात. मी विचारलं, ‘पत्रं आली तेव्हा मला फोन का नाही केलास?’ तर म्हणाली, ‘अगं, त्या मेसेजमध्ये लिहिलंच होतं ना, बँक कधी मागत नाही म्हणून!’

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘बँक कधीही केवायसी मागत नाही.’ मागते. मागावंच लागतं. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा, तो 1 जुलै 2005 पासून लागू आहे. त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने केवायसीचे एकत्रित निर्देश 25 फेब्रुवारी 2016 रोजी काढले. खातेदार कोण, राहतो कुठे, ही माहिती घेणं आणि ठरावीक काळाने ताजी करणं बँकेवर बंधनकारक आहे.

बँक काय मागत नाही, ते वेगळं. ओटीपी, पिन, पासवर्ड, कार्डामागचा तीन आकडी नंबर या गोष्टी केवायसीसाठी कुठलीच बँक फोनवर विचारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवून ‘हे इन्स्टॉल करा’ असं सांगत नाही. त्या फाइलला बँकेचं नाव आणि बोधचिन्ह असतं, पण ती उघडून परवानग्या दिल्या की तुमच्या फोनवर येणारे ओटीपी परस्पर चोराला दिसू लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2021 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ऐकलेलं अर्धं बरोबर होतं. लिंकला हात लावू नका, इथवर थांबला असता तर मीच तो पुढे पाठवला असता.

खरा निरोप आणि खोटा निरोप ओळखायची माझी पहिली खूण म्हणजे घाई. ‘आज रात्री 9 वाजता खातं बंद होईल’ असं चोर लिहितो. बँकेची पद्धत अशी नसते. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला, आणि तो 1 जानेवारी 2026 पर्यंत सगळ्या बँकांनी अमलात आणायचा होता: केवायसी ताजं करायची मुदत संपण्याआधी खातेदाराला किमान तीन सूचना, त्यातली निदान एक कागदी पत्राने, आणि मुदत टळल्यावरही पुन्हा किमान तीन स्मरणपत्रं, त्यातलंही एक पत्राने. म्हणून कुठल्याशा दहा आकडी मोबाइल नंबरवरून एकुलता एक मेसेज आला आणि संध्याकाळची मुदत दिली, तर तो खोटा धरा. पण घरी पत्र आलं असेल तर ते बाजूला टाकू नका. शंका असेल तर पत्रातल्या नंबरवर फोन न करता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर करा, नाहीतर सरळ शाखेत जा. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, तेही बघून घ्या.

‘एकदा दिलेले कागद आयुष्यभर चालतात.’ नाही चालत. बँक प्रत्येक खातेदाराची जोखीम, म्हणजे खात्याचा गैरवापर व्हायची शक्यता किती, ते ठरवते. जास्त जोखमीच्या खात्याची माहिती दर 2 वर्षांनी, मध्यम जोखमीची 8 वर्षांनी आणि कमी जोखमीची 10 वर्षांनी ताजी करावी लागते. पगारदार, पेन्शनर, गृहिणी, शेतमजूर बहुतेक शेवटच्या गटात येतात. जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 ला सुरू झाली. त्या वेळी उघडलेल्या कोट्यवधी खात्यांची दहा वर्षं एकदमच भरली, म्हणून मधल्या काळात एकाएकी सगळ्यांना निरोप येऊ लागले. त्यात काळंबेरं काही नव्हतं. 1 जुलै ते 30 सप्टेंबर 2025 या तीन महिन्यांत बँकांनी त्यासाठी ग्रामपंचायत पातळीवर शिबिरंही घेतली.

आणि ‘माहिती ताजी करायची’ म्हणजे दर वेळी फाइलभर झेरॉक्स घेऊन रांगेत उभं राहायचं, असं नाही. नाव, पत्ता काहीच बदललं नसेल तर ‘माझ्या माहितीत बदल नाही’ एवढी स्वयंघोषणा पुरते. ती नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने, एटीएमवर, बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा साध्या पत्राने देता येते, हे रिझर्व्ह बँकेने 5 जानेवारी 2023 च्या प्रसिद्धीपत्रकात स्पष्ट केलंय. गावातल्या बँक मित्राकडेही, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडेही, आता हे काम होतं. आत्याचं नाव तेच, घर तेच. एका सहीचं काम होतं ते. त्यासाठी तिला सणाच्या तोंडावर मेडिकलवाल्याकडे उधारी करावी लागली, हे मला अजून टोचतं.

पत्ता बदलला असेल तर थोडी जास्त खटपट आहे. मान्य ओळखपत्रं सहा: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. पॅन कार्ड यात नाही. ते लागतंच, पण त्यावर पत्ता नसतो. ते नसेल तर पॅन नसल्याचं घोषणापत्र भरून द्यावं लागतं. ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर दोन महिन्यांच्या आतलं विजेचं किंवा पाण्याचं बिल, नाहीतर घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. मात्र तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण बिल घरमालकाच्या नावावर असतं. त्यांनी हे लक्षात ठेवावं: बोटाचा ठसा वगैरे देऊन आधारचं प्रमाणीकरण करून केवायसी केलं, तर आधारवरच्या पत्त्याहून वेगळा असलेला सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. हे काउंटरवर आपणहून कोणी सांगेलच असं नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला सोबत न्यावा, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

‘आधार मागण्याचा अधिकार कोर्टाने काढून घेतला.’ 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने बँक खातं आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली, हे खरं. केवायसी रद्द केलं नाही. आधार द्यायचं नसेल तर वरच्या यादीतलं दुसरं ओळखपत्र द्या. फक्त, सरकारी अनुदान किंवा योजनेचे पैसे खात्यात थेट येत असतील तर आधार लागतंच. आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून द्या. आणि कुठलीही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: ‘केवळ अमुक बँकेच्या केवायसीसाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं थोडी छापील मजकुरावर येऊ द्या, म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरता येत नाही. काउंटरवर असताना मी हे शेकडो लोकांकडून करून घेतलंय.

एक गोंधळ इथेच निस्तरते. रेशन कार्डाचं ई-केवायसी वेगळं, गॅसचं वेगळं, लाडकी बहीण योजनेचं वेगळं आणि बँकेचं वेगळं. एक केलं म्हणून दुसरं होत नाही. आधार खात्याला जोडलेलं असणं हेही बँकेचं केवायसी झाल्याचा पुरावा नाही.

‘केवायसी नाही म्हणून खातं अडवता येत नाही.’ येतं, आणि या मेसेजमधलं सगळ्यात नुकसानीचं वाक्य हेच आहे. कमी जोखमीच्या खातेदारांना रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सवलत दिली: मुदत टळल्यापासून एक वर्ष किंवा 30 जून 2026, यातलं जे नंतरचं असेल तोवर व्यवहार चालू द्यायचे. त्याच्या पुढे ही सवलत नाही. पैसे कुठे जात नाहीत, तुमचेच राहतात. पण दवाखान्यात भरायच्या दिवशी ते हाताला लागत नाहीत. ज्यांचं दुसरं खातं आहे त्यांचं निभतं. आत्यासारख्यांचं निभत नाही.

बँकांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. ‘उद्या या’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘कागद सापडत नाही, परत द्या’ हे मी आत बसून ऐकलंय आणि आता बाहेर उभी राहूनही ऐकते. म्हणून कागद दिल्यावर तारखेची पोचपावती मागा. ती देणं बँकेला बंधनकारक आहे, नुसतं ‘झालं हो’ चालत नाही. शाखा दाद देत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. माहितीसाठी फोन 14448.

चुकून लिंक उघडली, ओटीपी सांगून बसलात, तर लाजेने गप्प राहू नका. त्याच मिनिटाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा आणि बँकेला कळवा. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं. कळवल्यानंतरचं बँकेकडे जातं. त्यामुळे पाच मिनिटांनीही फरक पडतो.

आत्याचं काम शेवटी अर्ध्या तासात झालं. मी अर्ज लिहिला, तिने सही केली. शिपायाने पोचपावती आणून दिली, ती तिने चष्मा लावून तारखेसकट वाचली आणि पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवली. मग तिथल्याच बाकावर बसून माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाली, ‘तो मेसेज मी पण चौघींना पाठवलाय गं. त्यांना काय लिहायचं ते तू लिही.’