पीटीआयचा स्टिकर आहे म्हणून रिफर न बघता भरू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात रिफर, म्हणजे मशीनने थंड ठेवले जाणारे कंटेनर भरणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘डेपोतून पीटीआय होऊन आलेला रिफर पुन्हा तपासत बसू नका, वेळ जातो. आदल्या रात्री मशीन लावून बॉक्स थंडगार करून ठेवा. माल थोडा गरम असला तरी वाटेत मशीन खेचून घेतं. वास आला तर पाणी मारून धुवा. व्हेंट बंदच ठेवा. जागा वाया न घालवता वरपर्यंत भरा.’ सहा वाक्यं आहेत आणि सरसकट पाळली तर सहाही चुकीची आहेत. बॉक्स परदेशात उघडतो तेव्हा नुकसान ज्याच्या अंगावर येतं, त्यात बहुतेक वेळा इथला शेतकरी किंवा पॅकहाउसवालाच असतो. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देत आहोत.

‘पीटीआय झालेला रिफर पुन्हा तपासायची गरज नाही.’

पीटीआय म्हणजे प्री-ट्रिप इन्स्पेक्शन. मशीनच्या कंट्रोलरमधला चाचणीचा कार्यक्रम चालवून कॉम्प्रेसर, पंखे, हीटर, सेन्सर आणि डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) एकामागून एक तपासले जातात. ही चाचणी हवीच. स्टिकर नसलेला किंवा मुदत संपलेला रिफर दारात घेऊच नका, आणि ही मुदत प्रत्येक शिपिंग लाइनची वेगळी असते हे लक्षात ठेवा. पण स्टिकर सांगतो तो फक्त त्या दिवसाचा, डेपोतल्या प्लगवरचा निकाल. त्यानंतर बॉक्स थप्पीत चढतो, उतरतो, ट्रेलरवर बसतो, त्याला जनसेट, म्हणजे मशीनला वीज देणारा डिझेल जनरेटर लागतो आणि न्हावा शेवा बंदरातून कोल्हापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर हादरे खात येतो. वाटेत दाराचं रबर फाटलं तर कंट्रोलरवर कुठलाही अलार्म येत नाही. तुंबलेल्या ड्रेनचा नाही, छताला पडलेल्या भोकाचाही नाही. त्या गोष्टी माणसानेच बघाव्या लागतात. दोन माणसांना पाऊण तास पुरतो.

सुरुवात कंटेनर नंबरपासून करा. चार अक्षरं आणि सात आकडे दारावर, बाजूंवर आणि कागदावर एकच आहेत का ते बघा. मग बाहेरून चक्कर मारा. दोन्ही बाजू, मशीनकडचं तोंड, दारं आणि ट्रेलरखाली वाकून बुडाचा भाग. छताला भोक पडतं ते बहुधा कोपऱ्यांजवळ, क्रेनची पकड चुकून बसल्याने. जुनं पॅच दिसलं तर त्याच्या कडेचं सीलंट सुटलंय का ते बोटाने दाबून बघा. तिथून पाणी आत शिरलं की दोन पत्र्यांमधला फोम भिजतो, आणि भिजलेला फोम उष्णता अडवत नाही. आतल्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत पुढे सरका. पत्रा फोमला घट्ट चिकटलेला असेल तिथे आवाज भरीव येतो. फोमपासून सुटला असेल तिथे पोकळ येतो, आणि कडेने बघितलं तर पत्रा किंचित फुगलेलाही दिसतो.

आत पाऊल टाकण्याआधी दोन्ही दारं उघडी ठेवून हवा खेळू द्या. मागच्या खेपेत कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअरचा माल (आतला ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवून नेलेला) किंवा ड्राय आइस असेल तर आत ऑक्सिजन कमी असू शकतो. नंतर उजेडाची चाचणी घ्या. एकाने आत उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून दारं लोटून दाबून धरायची. दांडा मात्र लावायचा नाही. आतल्याने डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मग दाराची कड, चारही कोपरे, छताचे जोड शांतपणे बघायचे. उन्हात सुईएवढी फट असली तरी पांढरी रेघ उठून दिसते. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रबर दुमडलेलं असतं, ते या चाचणीत हमखास सापडतं. चाचणी दिवसा, उन्हात घ्या. रात्री नऊला डॉकच्या ट्यूबलाइटमध्ये तिचा उपयोग नाही.

आता खालची जमीन. रिफरमध्ये थंड हवा खालून येते. मशीनकडून अ‍ॅल्युमिनियमच्या टी-फ्लोअरच्या पट्ट्यांमधून दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. त्या पट्ट्यांच्या खाचांत मागच्या मालाचे पुठ्ठ्याचे तुकडे, पट्टीचे काप, खिळे, पानं, देठं अडकलेली असतात. टॉर्च जमिनीलगत आडवा धरून प्रत्येक खाचेत बघा. कोपऱ्यांतल्या ड्रेन होलवर अर्धा लिटर पाणी ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. पाणी खाली पडलं पाहिजे. तिथे रबरी झडप असते, ती पाणी बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. झडप गायब असेल तर बाहेरची गरम हवा आत येत राहते. होल तुंबलं असेल तर मालातून गळलेलं पाणी फ्लोअरवर साचतं आणि खालच्या थराचे बॉक्स ओले होतात. बघून झालं की फ्लोअर पुसून कोरडा करा.

शेवटी वीज. प्लग चार पिनांचा, ३२ अँपिअरचा असतो. मशीनला तीन फेज आणि ३८० ते ४६० व्होल्ट लागतात, एमआयडीसीतला ४१५ व्होल्टचा पुरवठा त्यात बसतो. पिन काळवंडलेली, वितळलेली किंवा वाकलेली असेल तर तो प्लग लावू नका. प्लग काढण्याआधी मशीनचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करा, चालू लोडवर पिन ओढली की ठिणगी उडते. मशीन अर्धा तास चालवा. सप्लाय (मशीनमधून मालाकडे जाणारी हवा) आणि रिटर्न (परत येणारी हवा) दोन्ही तापमानं वाचा, अलार्मची यादी उघडून बघा, पंख्याचा आवाज ऐका. सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान वाचताना चिन्ह मोठ्याने उच्चारा: उणे अठरा की अधिक अठरा? सेल्सिअस की फॅरनहाइट? एका चिन्हाच्या फरकाने आख्खा बॉक्स जातो, म्हणून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बुकिंगच्या कागदावर ताडून बघायचं.

‘आदल्या रात्री बॉक्स थंड करून ठेवा.’

हा सल्ला सगळ्यात समंजस वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. बंदिस्त डॉक असेल, म्हणजे कोल्ड रूमच्या तोंडाला कंटेनरचं दार रबरी गादीने घट्ट बसत असेल, तर बॉक्स थंड करून घेणं योग्यच आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी माल उघड्या फलाटावरून, पत्र्याच्या शेडखालून चढतो. तिथे दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड भिंतींना भिडते आणि भिंतींना घाम फुटतो.

कोल्हापुरात पावसाळ्यात हवा २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर पाणी सुटायला भिंत शून्यावर जावी लागत नाही. २३ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी, ३७ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेतही, ही मर्यादा १४ अंशांच्या आसपास असते. म्हणजे उणे अठराला आणलेला बॉक्स वर्षातल्या कुठल्याही दिवशी ओला होणारच. छतावरचं पाणी पुठ्ठ्यावर पडतं, पुठ्ठा मऊ होतो, थप्पीचं वजन पेलत नाही आणि खालचे थर बसतात. त्यात दार उघडं ठेवून मशीन चालू असेल तर तीच ओलसर हवा मशीनमधल्या थंड इव्हॅपोरेटर कॉइलवर जाऊन बर्फ होते. कॉइल गोठली की हवा जात नाही, मग डिफ्रॉस्ट सुरू होतं, आणि डिफ्रॉस्टमध्ये थंडावा बंद असतो. नेमका तेव्हाच नुकताच भरलेला माल तापत राहतो.

उघड्या डॉकवर योग्य क्रम असा: मशीन तपासण्यापुरतं चालवा, मग बंद करा, दारं उघडून आतलं तापमान बाहेरच्याएवढं होऊ द्या, भिंती आणि फ्लोअर पुसा. माल कोल्ड रूममधून पॅलेटमागून पॅलेट, मध्ये न थांबता भरा. भरताना मशीन बंदच. दार लागल्याबरोबर चालू.

‘माल थोडा गरम असला तरी वाटेत मशीन खेचून घेतं.’

रिफरचं मशीन मालाचं तापमान राखायला बनवलेलं आहे, माल थंड करायला नाही. साधा हिशोब मांडू. १४ टन द्राक्षं २५ अंशांवरून शून्यावर आणायची, तर किलोमागे अंशाला ३.८ किलोज्यूल धरून १३ लाख ३० हजार किलोज्यूल, म्हणजे ३७० युनिटच्या आसपास उष्णता बाहेर काढावी लागते. मशीनची ताकद १० किलोवॉट धरली आणि ती सगळी मालालाच मिळाली असं मानलं तरी ३७ तास झाले. प्रत्यक्षात त्यातला हिस्सा भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेत, पंख्यांच्या उष्णतेत आणि फळांच्या श्वसनात जातो. शिवाय हवा पॅलेटच्या भोवतीने जाते, मधल्या बॉक्सच्या गराशी पोचतच नाही. डिस्प्लेवर शून्य दिसत असतं आणि पॅलेटच्या पोटात पंधरा अंश असतात, असे दिवसच्या दिवस जातात. म्हणून तासगावची द्राक्षं तोडल्यावर लगेच प्री-कूलिंग चेंबरमध्ये जायला हवीत, तिथला जोराचा पंखा हवा बॉक्सच्या आतून ओढतो. ते काम न्हावा शेव्याच्या रस्त्यावर होत नाही.

भरण्याआधी गराचं तापमान घ्या. सुई-थर्मामीटर आधी चुरलेल्या बर्फाच्या आणि थोड्या पाण्याच्या भांड्यात बुडवून शून्य दाखवतोय का ते पडताळा, नंतर स्पिरिटने पुसा. कडेचा बॉक्स न निवडता पॅलेटच्या मधला निवडा. आकडा कागदावर लिहा, पॅलेट नंबरसकट. फ्रोझन मालात सुई दोन बॉक्सच्या मध्ये घट्ट दाबून धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

‘वास आला तर पाणी मारून धुवा.’

भरायच्या दिवशी नको. टी-फ्लोअरच्या खाचांत आणि दाराच्या रबरात राहिलेलं पाणी नंतर बर्फ होतं किंवा मालाला लागतं. मासळी, कांदा, लसूण यांचा वास नुसत्या पाण्याने जातही नाही. लोणी, चीज, दूध पावडर हे पदार्थ वास ओढून घेतात, त्यामुळे कोल्हापूरच्या दुग्धजन्य मालासाठी ही तपासणी फार जपून करावी. बंद दार उघडल्याक्षणीचा पहिला वास महत्त्वाचा असतो, दहा मिनिटांनी नाक सरावतं. वास असेल तर बॉक्स परत करा आणि दुसरा मागा.

‘व्हेंट बंदच ठेवा.’

व्हेंट म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप. फ्रोझन मालाला ती बंद, बरोबर. ताजी फळं मात्र श्वास घेतात. व्हेंट बंद राहिला तर कार्बन डायऑक्साइड आणि एथिलीन साठतं, गरजेपेक्षा जास्त उघडला तर बाहेरचा दमटपणा कॉइलवर बर्फ करतो. किती उघडायचा ते बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथेच गफलत होते. व्हेंट ताशी घनमीटरमध्ये मोजतात, कागदावर कुणीतरी टक्के लिहितो. ताशी ५० घनमीटर आणि ५० टक्के या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. एकक स्पष्ट नसेल तर फॉरवर्डरकडून (बुकिंग करून देणाऱ्या एजंटकडून) लेखी घ्या.

‘वरपर्यंत भरा.’

भिंतीवरची लाल रेघ हीच मर्यादा. तिच्यावरची जागा परतीच्या हवेची आहे. दारापाशी टी-फ्लोअर उघडा राहिला तर तो पुठ्ठ्याने झाका, नाहीतर थंड हवा मालातून न जाता तिथूनच वर निसटते.

दोष सापडला तर माल भरण्याआधी फोटो काढा, त्यात कंटेनर नंबर दिसला पाहिजे, आणि लाइनच्या माणसाला लेखी कळवा. सील लागल्यावर तोच दोष आधीपासून होता हे सिद्ध करणं फार कठीण जातं. सगळं ठीक असेल तर बोल्ट सीलचा नंबर, दार लावल्याची वेळ, सप्लाय आणि रिटर्नचे आकडे आणि जनसेटच्या टाकीतलं डिझेल एका कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्या. त्याला सांगा, साताऱ्याला चहाला थांबशील तेव्हा हेच दोन आकडे बघून फोन कर. सप्लाय सेट पॉइंटपाशी नसेल आणि मशीन डिफ्रॉस्टमध्येही नसेल, तर खंबाटकीला पोचण्याआधी गाडी थांबवता येते.