आमच्या फ्रीजमधली काकूंची सुरमई

"सुरमईला वास आला ओ. तुमच्या फ्रीजचा."

काल संध्याकाळी समोरच्या काकू दारात उभ्या राहून हे म्हणाल्या, झाकलेली वाटी माझ्या हातात ठेवली आणि गेल्या. वाटीत दोन तुकडे, वर नारळाचा रस. मी वाटी धरून तसाच उभा. महिनाभर ज्या माशासाठी मी पावसात स्कूटर दामटली, त्याचा निकाल असा दारातल्या दारात लागला होता.

काकूंचे जावई मडगावला असतात. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी चोर्ला घाटातून येताना त्यांनी बर्फात घालून अख्खी सुरमई आणली. निम्मी त्याच रात्री संपली. उरलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून आमच्याकडे आली.

"आमच्या फ्रीजात नैवेद्याचं दूध असतंय. श्रावणात कसं ठेवायचं ओ? तुम्ही काय, पाळत नाहीसा. मी आणलो. पोळा झाला की नेतो."

आमच्या बेळगावकडच्या बायका 'मी आणलो, मी नेतो' असंच बोलतात. माझी बायको पुण्याची. लग्न होऊन आल्यावर पहिले सहा महिने तिला वाटायचं, काकू स्वतःच्या नवऱ्याबद्दल सांगताहेत. आता तीसुद्धा रागाच्या भरात "मी बघतो तुला" म्हणते. पण ते असो. मुद्दा 'तुम्ही काय, पाळत नाहीसा' याचा आहे. पाळत नाही हे खरं. म्हणून आमचा फ्रीज काय सार्वजनिक मासळी बाजार आहे?

हा फ्रीज भिंतीतला, म्हणजे ओट्याशेजारच्या उंच कपाटात बसवलेला. दारावर कपाटाचीच फळी चढवलेली, त्यामुळे बाहेरून फ्रीज कुठला आणि डाळीचं कपाट कुठलं हे कळत नाही. पाहुणे पाणी घ्यायला जातात आणि पोह्यांचे डबे बघून परत येतात. वर फ्रीज, खाली फ्रीझर. सात वर्षांपूर्वी टिळकवाडीतलं घर नवं करताना हौसेनं घेतला. हौस बायकोची, हप्ते माझे.

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी दही आंबलं. वरच्या खणात हात घातला तर आतली हवा कोमट. खाली मात्र बर्फ असा की सुरमईची पिशवी फ्रीझरला चिकटलेली. एकाच कपाटात, एका फळीच्या अंतरावर दोन ऋतू.

मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. एक बाई गोड मराठीत म्हणाली, पिनकोड टाका. मी ५९०००६ टाकला आणि शेवटचा आकडा दाबल्याबरोबर बाई कन्नडमध्ये बोलायला लागली. मी फोन ठेवला, पुन्हा लावला, पुन्हा तीन, पुन्हा पिनकोड, पुन्हा कन्नड. कन्नड मला बाजारापुरतं येतं. भाजीचा भाव करता येतो, पण 'वरचा खण गार होत नाही, खालचा होतो' हे काही मेथीच्या पेंडीइतकं सोपं नाही. शेवटी एक जिवंत मुलगी लाइनवर आली, ती हिंदीत.

"सर, आपका सर्विस सेंटर हुबली है."

"कोल्हापूरहून कुणी नाही येणार?"

"वो दूसरा स्टेट है, सर."

हे तिनं मला सांगितलं. बेळगावात जन्मलेल्या माणसाला. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून या गावात ज्या एका वाक्यावर घराघरांत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत भांडणं झाली, १९६७ मध्ये सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, ते वाक्य त्या मुलीनं मला जांभई देत ऐकवलं. हुबळी आणि कोल्हापूर आमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. मी म्हटलं, बाई, दोन्हीकडचं कुणीही पाठवा, दूध फाटतंय. ती म्हणाली, चोवीस तास फ्रीज बंद ठेवा, दारं उघडी ठेवा, मग पुन्हा चालू करून बघा.

काकू आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्याच होत्या. फ्रीज बिघडल्याचं कळल्यापासून त्या रोज सकाळी येऊन बसत.

"चोवीस तास बंद? आणि सुरमई?"

"दुसरीकडे ठेवावी लागेल, काकू."

"कुठं?"

"तुमच्याकडे?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच पोळ्याआधी बैल विकला असावा.

म्हणून मी ती पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात घालून, खोकं स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून मित्राकडे निघालो. मित्र रेल्वे लाइनच्या पलीकडे. टिळकवाडीत राहणाऱ्याला लाइनच्या पलीकडे जायचं म्हणजे फाटकांशी गाठ. मी पोचलो आणि गेट पडलं. मालगाडी, पाऊस धो धो, खोक्याच्या फटीतून पाणी माझ्या पँटवर. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं दोनदा नाक ओढून माझ्याकडे बघितलं आणि श्रावण सोमवारी कपाळाला भस्म लावलेला तो गृहस्थ मोटारसायकल पायानं ढकलत मागे सरकला.

चोवीस तासांनी फ्रीज चालू केला. चांगला चालला. मी कंपनीबद्दल दोन चांगले शब्दही बोललो. सुरमई परत आली. आठव्या दिवशी दूध पुन्हा फाटलं, सुरमई पुन्हा मित्राकडे गेली, दोन दिवसांनी पुन्हा माझ्याकडे, कारण मित्राच्या घरी सत्यनारायण. समुद्रात असताना तरी ती एवढी हिंडली होती का, शंका आहे.

मग हुबळीहून मुलगा आला. शांत, कामाचा मुलगा. त्यानं फ्रीझरचे खण काढले, मागचं पॅनेल उघडलं आणि आत गार करणारी जाळी दिसतच नव्हती, पांढरीशुभ्र शिळा होती. गरम पाण्यानं ती वितळवून त्यानं मीटर लावला, मान हलवली.

"हीटर होगेतरी, सर."

"काय गेलंय म्हणतोय?" स्टुलावरून.

"हीटर, काकू."

"फ्रीजात हीटर?"

"हो."

"गार करायच्या पेटीत तापवायचं यंत्र कोण घालतंय ओ? म्हणून तर दूध फाटायलंय. काढून टाक म्हणून सांगा त्याला."

फ्रीजमध्ये हीटर असतो हे मलाही वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं. तरी मी जन्मापासून माहीत असल्याच्या थाटात समजावलं. गार करणारी जाळी पॅनेलमागं असते. हवेतल्या ओलीचा तिच्यावर बर्फ धरतो. तो वितळवायला ठरावीक वेळानं हीटर तापतो, पाणी नळीनं खाली जातं, कंप्रेसरवरच्या ताटलीत पडून सुकतं. हीटर गेला की बर्फ साठतो, जाळी बुजते, पंख्याचा वारा वर पोचत नाही. म्हणून खाली गार, वर कोमट.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी बर्फ करायचा?"

"हो."

"आणि मग तोच वितळवायचा?"

"हो."

"आणि दोन्हीचं लाइट बिल तुम्ही भरायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

"आणि आमची सुरमई कुठं ठेवलासा? त्याला सांगा, हात लावू नको."

पण मुलानं तोवर पिशवी उचलली होती. वर्तमानपत्राचं टोक दूर करून त्यानं आत बघितलं आणि पहिल्यांदाच हसला. "मीन छलो ऐतरी."

"बघा!" काकू स्टुलावरून उठल्याच. "पोरगा हुशार आहे. फ्रीजातलं कळतंय त्याला."

तासभर तो मुलगा ज्या यंत्राशी झटत होता त्याबद्दल कुणी त्याला शाबासकी दिली नाही. मासा चांगला आहे म्हणाला आणि त्याला चहा मिळाला, वर कुंदा. (कुंदा बाहेरच ठेवलेला होता. तो फ्रीजमध्ये ठेवून दगड करणारी माणसं आहेत, आणि ती बेळगावची नव्हेत.)

यानंतरचं सांगताना मला हसू येत नाही. हीटर सुटा मिळत नाही, जाळीसकट अख्खा भाग घ्यायचा. तो भाग कंपनीकडे नाही, कारण मॉडेल बंद. सात वर्षांत बंद. वॉरंटी आहे म्हणालो तर ती फक्त कंप्रेसरची, दहा वर्षं. कंप्रेसर ठणठणीत. तो कधी बिघडायचाच नाही, म्हणून तर त्याची दहा वर्षं देतात! हातभर लांबीच्या, काचेच्या नळीतल्या तारेसाठी चांगला चालता फ्रीज भंगारात. आमच्या वडिलांचा एका दाराचा फ्रीज बावीस वर्षं चालला. मधलं लाल बटण दाबलं की बर्फ वितळायचा, ताट भरायचं, आई ते ओतून टाकायची. आमचा हीटर म्हणजे आई होती. आणि तेव्हाचं बेळगाव असं की साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावात घरात पंखासुद्धा लागत नसे, फ्रीज तर निव्वळ शोभेला.

मुलानं जाता जाता खालची पट्टी ठोकून बघितली आणि विचारलं, हवा यायला जाळी कुठं आहे? कपाटातल्या फ्रीजला खालून हवा आत आणि वरून बाहेर लागते. आमच्याकडे खाली जाळीच्या जागी प्लायवूड. सुतारानं मारलेलं. सुतार म्हणजे काकूंचा भाचा. हीटर जाण्याचा त्या प्लायवूडशी काही संबंध नाही, असं मुलगा मला दोनदा म्हणाला. मला ते मान्य नाही.

नवा फ्रीज घ्यायचा तर तोही भिंतीतलाच घ्यावा लागला, नाहीतर स्वयंपाकघरात पावणेसहा फुटी भोक. उभ्या साध्या फ्रीजच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. आणि तो बसवायला पुन्हा भाचाच. जुन्याला कपाटाचं दार फ्रीजच्या दारालाच पक्कं होतं, नव्याचं दार पट्टीवर सरकतं, म्हणजे सगळी भोकं नवी. वर एक सेंटिमीटर फट राहिली. भाच्यानं टेप लावला, कपाट मोजलं, फ्रीज मोजला आणि शांतपणे म्हणाला,

"माझं माप बरोबर आहे ओ. फ्रीजच चुकीचा आणलासा."

"आणि खालचं प्लायवूड?"

"झुरळं जातात म्हणून मारलो."

"हवा लागते रे आत."

"गार वारा आतच आहे की."

काकू स्टुलावरून मान डोलावत होत्या. घराण्यात विज्ञान आहे.

प्लायवूड मात्र मी समोर उभं राहून कापायला लावलं. आतून एक चमचा, दोन गोट्या आणि मुलीचा तिसरीतला रबर निघाला. नवा फ्रीज उभा करून काही तास तसाच ठेवायचा असतो, लगेच चालू करायचा नाही. ते तास काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढले. रात्री मी मित्राकडून सुरमई शेवटची आणली. नव्या फ्रीझरमध्ये ती जेमतेम एक रात्र होती. दुसऱ्या दिवशी पोळा झाला, गणपतीला अजून चार दिवस होते, काकू सकाळीच पिशवी घेऊन गेल्या.

आता हिशेब बघा. सुरमई जुन्या फ्रीजमध्ये गोठली, माझ्या स्कूटरवर पाझरली, मित्राच्या फ्रीझरमध्ये वाटाण्यांशेजारी पुन्हा गोठली, असं तीनदा. नव्या फ्रीजमध्ये एक रात्र. आणि वास कुणाचा? आमच्या फ्रीजचा.

बायको म्हणते, सोडून दे, निदान वाटी तरी दिली. सोडलं असतं. पण तुकडे दोन्ही शेपटीकडचे होते.