रेडिओची खरखर विश्वाच्या जन्माची नाही, विजांची आहे

सध्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर म्हणजे महास्फोटाचा प्रतिध्वनी. ती निव्वळ यादृच्छिक असते, बेल कर्व्हमध्ये बसते आणि सरासरी काढली की नाहीशी होते.' मुलं हे शाळेत सांगू लागली आहेत, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देतो.

महास्फोटाचं आधी. महास्फोटातून उरलेलं, शास्त्रज्ञ पेन्झियस आणि विल्सन यांनी 1965 साली जाहीर केलेलं प्रारण 4000 मेगाहर्ट्झच्या आसपास टिपलं होतं. खाली 3 ते 30 किलोहर्ट्झवर गोष्टच वेगळी. तिथे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, झाकणासारखं वर असतं आणि त्याच्याखाली विजांच्या लहरी हजारो किलोमीटर धावतात. 10 किलोहर्ट्झवर हा गोंगाट साध्या उष्णतेच्या (कुठल्याही वायरीत इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने होणाऱ्या) गोंगाटापेक्षा हजार कोटी पटींहून जास्त असतो. त्याहून वरच्या मीडियम वेव्हवरही विजा ऐकू येतात: वळवाच्या संध्याकाळी ती लावून खिडकीशी बसा. क्षितिजावर लखलखलं की त्याच क्षणी रेडिओत 'कट्ट' होतं. गडगडाट नंतर येतो.

आता बेल कर्व्ह, म्हणजे मधल्या किमती सर्वाधिक आणि टोकाच्या अगदी विरळ असा घंटेच्या आकाराचा आलेख, कारण खरी चूक इथे आहे. युक्तिवाद असा करतात: पृथ्वीवर सेकंदाला सरासरी 44 च्या आसपास विजा चमकतात, इतक्या सगळ्यांची बेरीज बेल कर्व्हच होणार. दूरच्या, क्षीण विजांपुरतं हे बरोबर आहे. जत्रेतला गलका असाच एकजीव होतो. पण कानाशी ताशा कडाडला की तो गलक्यात मिसळत नाही. वायरीचं मोठं वेटोळं ॲम्प्लिफायरमार्गे लॅपटॉपच्या साउंड कार्डाला जोडा, विजेच्या तारांपासून लांब माळावर जा आणि सेकंदाला 48,000 नमुने घ्या. बेल कर्व्ह खरा असता, तर 5 प्रमाण विचलनांपलीकडचा (सरासरीपासून नेहमीच्या चढउताराच्या पाचपटींहून दूरचा) नमुना 17 लाखांत एकदा, म्हणजे ढोबळमानाने अर्ध्या मिनिटाला एखादाच मिळाला असता. वादळी संध्याकाळी स्क्रीनवर असे काटे एकेका सेकंदात अनेक उभे राहतात. म्हणूनच संशोधक हॉल यांनी 1966 साली जड शेपटीचं, म्हणजे टोकाच्या किमतींना जास्त वाव देणारं, वितरण मांडलं. फील्ड आणि लेविन्स्टाइन यांच्या 1978 च्या मॉडेलमध्ये पार्श्वभूमी बेल कर्व्हची आणि वरचे काटे वेगळ्या वितरणाचे, असे दोन भाग आहेत. मला हीच मांडणी जास्त पटते, कारण कानाला जे ऐकू येतं तेच ती सांगते.

राहिली सरासरी. एकच मोठा काटा ती सगळी ओढून नेतो. त्यामुळे चांगला रिसीव्हर आधी काटे छाटतो आणि मगच बेरीज करतो. पाणबुड्यांना याच 3 ते 30 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात संदेश जातात. आपल्याकडे तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदलाच्या तळावरून ते पाठवले जातात आणि समुद्रात काही मीटरच उतरतात. तिथे हातची ताकद वाया घालवून चालत नाही.

आणि 'निव्वळ यादृच्छिक' हा शब्दही जपून वापरावा. एका विजेत बहुतेकदा तीन-चार झटके असतात, एकामागोमाग, सेकंदाच्या काही शतांशांच्या अंतराने. एक काटा येऊन गेला की लगेच दुसरा येण्याची शक्यता वाढलेली असते.