गणिताच्या करोडपतीतलं घड्याळ काढून टाका

२२ डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांत गणित दिनाची गडबड सुरू होते. रामानुजन यांच्या फोटोला हार, रांगोळीत त्रिकोण-वर्तुळं, आणि मग 'करोडपती'च्या धर्तीवर गणिताचा खेळ. मी कोल्हापुरात सातवी-आठवीला गणित शिकवते. हा खेळ मला मनापासून आवडतो, म्हणूनच हे लिहितेय.

मध्यंतरी एका शाळेत हा कार्यक्रम बघायला गेले होते. स्टेजवर निवडक हुशार चार मुलं, समोर टाळ्या वाजवायला अख्खी शाळा, आणि प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद. एक मुलगी कागदावर पायऱ्या मांडत होती. रीत अगदी बरोबर होती, शेवटची ओळ तेवढी राहिली होती. बझर वाजला. "वेळ संपली, बसा." तिचा कागद कुणी बघितलासुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

ज्या कार्यक्रमाची आपण नक्कल करतो, तो २००० साली टीव्हीवर सुरू झाला तेव्हा हॉटसीटवरच्या माणसाला घड्याळच नव्हतं. १९९८च्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमातही नव्हतं. माणूस विचार करायचा, मोठ्यानं बोलायचा, आणि आपण घरात बसून त्याच्याबरोबर विचार करायचो. खरी गंमत त्यातच होती. बारा वर्षांच्या पोराला मात्र आपण वीस सेकंद देतो. त्यातून पाढे किती पाठ आहेत एवढंच कळतं.

या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चुकीचे पर्याय. ते कसेही टाकायचे नसतात. ३/४ + १/२ विचारा आणि पर्यायांत ४/६ ठेवा. भरपूर हात ४/६ ला वर होतील, कारण वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. आता त्यांना विचारा, पाऊण किलो गुळात अर्धा किलो गूळ घातला तर किती? सगळी ओरडतात, सव्वा किलो! मग ४/६ म्हणजे पाऊणपेक्षाही कमी, हे त्यांच्या त्यांनाच दिसतं. गूळ घातला आणि वजन घटलं? तिथं वर्ग जो हसतो ना, त्या हसण्यात अपूर्णांक समजलेला असतो. वीस सेकंदांत हे कसं होणार?

लाइफलाइनचंही तसंच. फिफ्टी-फिफ्टी कॉम्प्युटरला देऊ नका, मुलालाच दोन पर्याय खोडायला लावा, कारणासकट. ४७ × ३६ चे पर्याय समजा १६९२, १६८२, १६९३ आणि १४९२. सात सक बेचाळीस, म्हणजे शेवटी २ हवेत, १६९३ गेला. ३६ ला ९ ने भाग जातो, म्हणजे उत्तरालाही जायला हवा. १६८२ च्या अंकांची बेरीज १७, १४९२ ची १६, तेही गेले. १६९२ ची १८. गुणाकार न करता उत्तर हातात! फोनवाल्या मित्राला माझ्या वर्गात एकच नियम आहे. उत्तर सांगायचं नाही, रीत सांगायची. तालमीत वस्ताद बाहेरून डाव सांगतात, कुस्ती पोरानंच करायची असते. प्रेक्षकांचा कौल घेताना चाळीसपैकी चौदा हात वर आले तर ते किती टक्के, हे हॉटसीटवरच्यानं काढायचं. पस्तीस म्हटलं की कौल मान्य.

आणि प्रेक्षक नावाची जमातच नको. १९१७ साली शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते पोरगं न् पोरगं शिकावं म्हणून. त्याच गावात चार पोरं खेळतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात, हे मला पटत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चार कार्डं द्या, अ, ब, क, ड. प्रश्न झाला की सगळ्यांनी एकदम वर करायची. कोण कुठं अडलंय ते बाईंना एका नजरेत कळतं. प्रोजेक्टर नको, ॲप नको.

मी एकदा विचारलं होतं, सव्वा एकर म्हणजे किती गुंठे? एरवी तोंड न उघडणारा, शेतकऱ्याघरचा एक मुलगा कार्ड वर करायच्या आधीच बोलला, "पन्नास की बाई, त्यात काय इचारायचं!" बाजूची, क्लासला जाणारी पोरं १२५ चं कार्ड धरून होती. एकराचे चाळीस गुंठे त्याला कुणी शिकवले नव्हते, घरात रोज कानावर पडत होते. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसतो.

एखादा प्रश्न पर्यायांशिवायही ठेवा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचा ६१७४. प्रत्येकानं चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजाबाकी करा, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा. संख्या चाळीस वेगवेगळ्या, आणि सगळ्यांच्या वहीत शेवटी ६१७४. कुणीच हरत नाही आणि कुणीच नुसतं बघत बसत नाही.

यंदा मी आठवीच्या मुलांनाच चुकीचे पर्याय तयार करायला सांगणार आहे. कुठं घसरायला होतं हे त्यांच्याइतकं मलाही ठाऊक नाही. अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारीचे माझे प्रश्न तयार आहेत, पर्यायांमागच्या चुकांसकट. कोल्हापुरातल्या, करवीर-पन्हाळ्याकडच्या कुठल्याही शिक्षकांना हवे असतील तर मला मेसेज करा, लगेच पाठवते. घड्याळ मात्र लावायचं नाही, ही माझी एकच अट.