पाठीत की पूर्ण भूल, यावर रात्र जागवू नका

मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांचे नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पाठीत इंजेक्शन देणार ना? या वयात पूर्ण भूल झेपेल का?" काळजी खरी असते. पण सगळी काळजी या एका प्रश्नावर खर्च होते आणि महत्त्वाचं विचारायचं राहून जातं, याचा मला मनापासून त्रास होतो.

२०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या खुबा मोडलेल्या १६०० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना पाठीतून भूल, काहींना पूर्ण. ६० दिवसांनंतर दगावलेले किंवा वॉकर घेऊनही चालू न शकणारे दोन्हीकडे साधारण १८ टक्केच. ऑपरेशननंतरचा भ्रम, म्हणजे बरळणं, भांबावणं, तोसुद्धा दोन्हीकडे सारखाच, पाचातल्या एकाला. हृदयाची झडप, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मणक्याची स्थिती पाहून भूल कुठली ते ठरतं. ते आमच्यावर सोडा.

तुम्ही आग्रह धरा तो दुखणं थांबवण्याचा, आणि तोही कॅज्युअल्टीत पाऊल ठेवल्यापासून. मोडलेल्या पायाने एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना म्हातारं माणूस कसं कळवळतं ते मी रोज बघते. यावर चांगला उपाय आहे. जांघेपाशी नसेभोवती बधिर करणारं औषध सोडतात, त्याला ब्लॉक म्हणतात. सोनोग्राफी मशीन असलं तर उत्तम, नसलं तरी जाणकार हाताला हा ब्लॉक जमतो. मध्यंतरी एका आजी चादरीला हात लावू देत नव्हत्या. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाल्या, "आता वळवा मला." पाठीत इंजेक्शन द्यायलाही कुशीवर वळवावं लागतंच की! तेव्हा "ब्लॉक मिळेल का?" हे नक्की विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना २०११ पासून सांगतात की दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. आपल्याकडे शनिवारी रात्री आजी बाथरूममध्ये पडतात, रविवारी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) होत नाही, सोमवारी मेडिक्लेमची मंजुरी अडकते आणि मंगळवारी अमेरिकेतून मुलगा येईपर्यंत सही कोण करणार म्हणून सगळे थांबतात. तोवर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळी होण्याचा धोका वाढत जातो. २०२० मध्ये भारतासह १७ देशांतला एक मोठा अभ्यास आला. निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन केलं म्हणून, चोवीस तासांच्या तुलनेत, मृत्यू कमी झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण भ्रम कमी झाला, लघवीचा संसर्ग कमी झाला, माणसं लवकर उभी राहिली. ते काय कमी आहे?

आणि इथेच पूर्ण भुलीची भीती महागात पडते. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पाठीतल्या इंजेक्शनसाठी तिचा परिणाम ओसरायची आठवडाभर वाट बघण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन लगेच ऑपरेशन करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

उपाशी ठेवण्याचंही तेच. जेवणानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास पुरतात. तरी रात्री बारापासून घोटभर पाणी नाही आणि नंबर लागतो दुपारी चारला! यादीत आपला नंबर कितवा ते विचारून घ्या, पाणी कधीपर्यंत चालेल तेही.

ऑपरेशननंतर रात्री बरळायला लागले की सगळे म्हणतात, "भुलीचा अंमल उतरला नाही." चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आपणच पिशवीत भरून घरी नेलेली असते. अनोळखी खोली, अंधुक नजर, वॉर्डातल्या मावशी काय म्हणतात ते ऐकू येत नाही, मग माणूस भांबावणार नाही तर काय? शुद्धीवर आल्याबरोबर चष्मा डोळ्यांवर हवा, ओळखीचं माणूस शेजारी हवं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आला की "टाके सुटतील, राहू दे आज" म्हणू नका. प्रकृती अगदीच नाजूक नसेल तर उभं राहायचंच आहे.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. घरातल्या घरात पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असतात. एकट्या कॅल्शियमच्या गोळ्या त्याला पुरत नाहीत. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, किंवा तसं दुसरं औषध, किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासून कधी सुरू करायचं, हे सर्जनना विचारल्याशिवाय हॉस्पिटलातून निघू नका.