वाघ्याला शहाणं करून सोडायचे उपाय

अमेरिकेत कुत्रा पाळायचं मनात आहे? जरूर पाळा. फक्त आमच्या घरचे चार धडे आधी ऐकून ठेवा.

नाव बेताचं ठेवा. आमच्या लॅब्रेडोरचं नाव वाघ्या. गेल्या महिन्यात सांगलीहून आलेल्या आईने घराच्या अलार्मचं भलतंच बटण दाबलं आणि थोड्याच वेळात एक हवालदारसाहेब मागचं फाटक उघडून थेट अंगणात. वाघ्या भुंकत, शेपूट हलवत स्वागताला गेला. साहेबांचा हात पिस्तुलावर. आई मध्ये उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "अरे बाळा, काही करत नाही तो, लहान आहे." साहेबांना मराठी येत नव्हतं, पण हात खाली आला. मग त्यांनी कुत्र्याचं नाव विचारलं. मी अर्थासकट सांगणार होतो, पण बायकोने वेळीच चिमटा काढला. काल पत्र आलं: खोट्या अलार्मचा दंड 75 डॉलर, आणि 'कुत्रा ताब्यात ठेवावा'.

कुत्र्याला भुंकू देऊ नका. चोर आला तर भुंकावं, पोलीस आला तर मूग गिळावेत, एवढा पोच त्याला हवाच. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला झडतीच्या वेळी पोलिसांनी दोन कुत्री मारली. त्यातलं दुसरं तळघरात नुसतं उभं राहून भुंकत होतं. 2016 साली अपील न्यायालयाने पोलिसांचं वागणं रास्त ठरवलं.

ओळखीपाळखीच्या भरवशावर राहू नका. मेरीलँडमधल्या बर्विन हाइट्सच्या महापौरांचे दोन लॅब्रेडोर 2008 साली त्यांच्याच घरात पोलिसांनी मारले. महापौर निर्दोष होते, हे मागाहून कळलं.

जमल्यास त्याला पोलिसातच चिकटवा. केंद्रीय पोलिसांचं कुत्रं मारलं तर 2000 सालच्या कायद्याने 10 वर्षांपर्यंत कैद. आपलं कुत्रं म्हणजे कायद्याच्या लेखी सोफा.

आणि मुख्य म्हणजे, कुत्रं आंधळं-बहिरं असू नये. मिसुरीतल्या स्टर्जन गावचा टेडी होता. शित्झू, वजन 13 पौंड, म्हणजे जेमतेम सहा किलो. 2024 च्या मे महिन्यात तो घरातून निसटला आणि एका शेजाऱ्याच्या अंगणात पोचला. शेजाऱ्याने फोन केला तो कुत्र्याचा मालक सापडावा म्हणून! पोलीस फास लावलेली काठी घेऊन आला, काही मिनिटं खटपट केली आणि पिस्तूल काढून गोळ्या घातल्या. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याने हुकूम पाळायचा कसा? गावाने आधी पोलिसाचीच बाजू घेतली. म्हणे रेबीजची भीती वाटली. सहा किलोच्या आंधळ्या जिवाची भीती! पुढे 5 लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं नसतं, तर हा आकडा कुणी उच्चारला तरी असता का?

आता सूचना पुरे. अहो, या देशात पोस्टमनला कुत्री चावतात. 2023 साली 5,800 हून जास्त पोस्टमनना चावली. ते खांद्यावरची पिशवी पुढे धरतात, फवारा मारतात आणि पुढच्या घरी जातात. आमच्याकडे पार्सल आणणारा पोरगा खिशात बिस्किटं ठेवतो. आणि पोलीससाहेब, तुमच्याकडे फवारा, विजेचा झटका देणारं यंत्र, वायरलेस, मदतीला दुसरी गाडी, एवढं सगळं असून हात जातो तो पिस्तुलाकडेच? कोलोरॅडोने 2013 साली आणि टेक्सासने 2015 साली पोलिसांना कुत्र्यांशी वागण्याचं प्रशिक्षण द्यायचा कायदा केला. म्हणजे हे शिकता येतं. तुम्ही शिकत नाही, आणि शिस्त लावायला सांगता आम्हाला! दिवसाला 25 ते 30 पाळीव कुत्री अशी मारली जातात, असा न्याय खात्यातल्याच एका बाईंचा अंदाज आहे. अंदाजच, कारण नीट मोजायची तसदीसुद्धा कुणी घेत नाही.

75 डॉलर भरतो. चूक आमच्या अलार्मची होती. पण साहेब, त्या दिवशी जाताना तुम्ही फाटक सताड उघडं टाकून गेलात. आई काठी टेकत गेली आणि तिने कडी लावली.